ताईचे रविवारचे मेल

चौतीस वर्षं मी एका कॉलेजच्या रेकॉर्ड विभागात काम केलं. म्हणजे लोकांचे कागद सांभाळले. गुणपत्रिका, सेवापुस्तकं, आलेली पत्रं, गेलेली पत्रं. वीस वर्षांनी कुणी येऊन एखाद्या दाखल्याची नक्कल मागितली तर पाऊण तासात काढून द्यायचो, आणि वर दोन शब्द ऐकवायचो, की बाबा रे, स्वतःचा एक कागद सांभाळता येत नाही का. कॉलेजात माझ्याबद्दल कुणी फार बरं बोलत नसे, पण माझ्याकडून कागद हरवला असं कुणाला म्हणता आलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे सांगायचं आहे ते ह्याच माणसाच्या हातून झालं.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. भिवापूरला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. लग्न केलं नाही. काहून केलं नाही ते आमच्या घरात कुणी तिला विचारलं नाही, आणि आपणहून सांगणाऱ्यांतली ती नव्हती. चाळिशी उलटल्यावर तिला कमी ऐकू येऊ लागलं. कानाचं यंत्र शिट्टी मारतं म्हणून ती ते डबीत घालून ठेवायची. फोनवर बोलायचं म्हणजे आम्ही दोघांनी ओरडायचं आणि गल्लीनं ऐकायचं. म्हणून फोन हळूहळू बंदच झाला.

मग शिक्षकांना कॉम्प्युटरची परीक्षा सक्तीची झाली. ताई तेव्हा पन्नाशीची होती. बरोबरीच्या बाया रडकुंडीला आल्या, ही पास झाली. सुट्टीत नागपूरला आली तेव्हा म्हणाली, "मले एक मेल पाठवून पाहा गा." माझा तेव्हा एकच पत्ता होता, ऑफिसचा. त्यावरून पाठवला. विषयात 'टेस्ट' लिहिलं, आत लिहिलं, 'पोचला का ते कळव.'

पोचला. तिनं उत्तर दिलं, मी त्याला उत्तर दिलं, तिनं माझ्या उत्तराला उत्तर दिलं, आणि हे चौदा वर्षं चाललं. तिनं नवा मेल कधी सुरू केलाच नाही. मी दोनदा दाखवून पाहिलं. ती म्हणाली, "चालू आहे ते काहून बदलायचं? दर पत्राले नवा पोस्टमन लागते का?" त्यामुळं चौदा वर्षांच्या प्रत्येक मेलचा विषय एकच राहिला, 'टेस्ट'. लिहायची मात्र दर रविवारी. दुपारी जेवणं आटोपली की बसायची. आणि लिहायच्या आधी खालचा सगळा जुना मजकूर पुसून टाकायची. वर्गावर गेल्यावर आधी फळा पुसायचा, मग लिहायचं, ही तिची आयुष्यभराची सवय. आधीच्या तासाचं अक्षर फळ्यावर दिसलं तरी तिला खपायचं नाही. म्हणून तिच्या मेलच्या पोटात मागचं काहीच नसायचं. प्रत्येक मेल आपला सुटा.

मी सोमवारी सकाळी ऑफिसात तो उघडायचो. वाचायचो असं म्हणायला हवं, पण खरं म्हणजे नजर फिरवायचो. कुणी गेलं का, तब्येत बरी का, एवढं पाहायचो. मग उत्तर लिहायचो, 'मेल मिळाला. इकडे सर्व ठीक. काळजी घे.' पुढं पुढं तर 'काळजी घे' सुद्धा गळालं.

ताई निवृत्त झाली तरी भिवापूरलाच राहिली. तिचं घर होतं, ओळखी होत्या. गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर एक दिवस शाळेच्या हेडमास्तरांचा फोन आला. म्हणाले, बाई सकाळी साडेदहाला शाळेत आल्या, चौथीच्या वर्गात गेल्या आणि हजेरी घ्यायला लागल्या. निवृत्त होऊन तिला आठ वर्षं झाली होती. मुलांनी ओ दिली म्हणे. चांगली होती मुलं. मी दुसऱ्याच दिवशी गेलो आणि तिला नागपूरला घेऊन आलो. बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि उमरेडपर्यंत मला तीनदा विचारलं, "आपण कोठी चाललो?"

डॉक्टरांनी तपासण्या केल्या, आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. म्हणाले, जुन्या गोष्टींवर बोलत राहा. आता मी बोलणारा माणूस नाही, आणि ती ऐकू शकणारी नाही. मी दोनचार दिवस समोर बसून मोठ्या आवाजात लहानपणच्या गोष्टी सांगून पाहिल्या. ती माझ्या ओठांकडं बघायची आणि थकायची. मग एक दिवस ऑफिसातून आल्यावर मी माझ्या मोबाइलवर तिचाच एक जुना मेल काढला, अक्षर मोठं केलं आणि तिच्या हातात दिला. तिनं चष्मा लावला. पूर्ण वाचला. मग मान वर करून माझ्या बायकोला म्हणाली, "ह्या पोरीची आजी लय खट होती वं. पोरीले शाळेत येऊच देत नव्हती." आणि पंधरा मिनिटं ती बोलली. त्या पंधरा मिनिटांत ती जशी होती तशी होती. कोणती पोरगी, कोणती आजी, घर कुठं, सगळं जागच्या जागी.

तेव्हापासून रोज सहाला तो नेम झाला. मी यायचो, तिला एक मेल उघडून द्यायचो, आणि हातपाय धुवायला जायचो. ती वाचायची, बायकोशी बोलायची. मी चहा घेऊन पेपर वाचायचो. एकदा वाचलेला मेल पुन्हा दिला तर ती म्हणायची, "हे काल झालं." बाकी सकाळी काय खाल्लं ते तिला आठवत नसे, पण हे आठवायचं. म्हणून रोज नवा लागायचा. सातशेच्या वर होते. मी मनाशी हिशेब केला होता की दोन वर्षं तरी पुरतील.

ह्या उन्हाळ्यात मी निवृत्त झालो. शाल, श्रीफळ, भाषणं. ज्यांना मी नक्कल देताना ऐकवलं होतं त्यांनीच माझा गौरव केला. भाषणं संपल्यावर सिस्टीमचं काम बघणाऱ्या मॅडम जवळ आल्या आणि म्हणाल्या, सर, तुमचं मेलचं खातं महिनाभरात बंद होईल, काय ठेवायचं ते काढून घ्या. मी म्हटलं, सगळंच ठेवायचं. त्यांनी एका कागदावर पायऱ्या लिहून दिल्या. प्रत्येक मेलची वेगळी फाइल करायची. का, तर एकच मोठं गाठोडं केलं आणि त्यात बिघाड झाला तर सगळंच जातं. सुटी फाइल कोणत्याही मशीनवर, कुठलीही कंपनी राहो न राहो, वीस वर्षांनी उघडते. हे मला मनापासून पटलं. कागदाचं सुद्धा असंच असतं. बांधीव रजिस्टरला वाळवी लागली की पुरतं रजिस्टर जातं, सुट्या कागदांतले निम्मे तरी वाचतात.

मे महिना होता. घरात कूलर चालू, ताई दिवाणावर झोपलेली, बायको कामठीला माहेरी गेलेली. मी दुपारी दोनला बसलो. प्रोग्रामनं फाइली करायला सुरुवात केली. मेलचा जो विषय तेच फाइलचं नाव, असं तो आपोआप देत होता. सुरुवातीलाच एक चौकट आली. ह्या नावाची फाइल आधीच आहे, तिच्या जागी नवी ठेवायची का? बघितलं तर परीक्षा विभागाचं परिपत्रक होतं, जे ते लोक दर सहा महिन्यांनी त्याच विषयानं पाठवायचे.

ह्याचं उत्तर मला झोपेतून उठवलं असतं तरी देता आलं असतं. आमच्या विभागात नियमच होता. त्याच विषयाचं नवं परिपत्रक आलं की ते फाइलला लावायचं आणि जुन्यावर 'रद्द' मारायचं. दोन्ही ठेवली तर उद्या कुणीतरी जुनं काढून भांडायला येतो. नव्या लागलेल्या कारकुनांना मी पहिल्या आठवड्यात हेच शिकवायचो, विषय एक तर कागद एक. मी 'होय' दाबलं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, पुढेही सगळ्यांसाठी असंच करायचं का. तिथंही खूण केली. कामाचा माणूस पुन्हा पुन्हा विचारू देत नाही.

चार वाजता झालं. मेल होते अकरा हजारांच्या आसपास आणि फाइली झाल्या होत्या सहा हजार आणि काही. मला आनंद झाला, एवढी रद्दी गेली म्हणून. तपासणीसुद्धा केली. आमच्याकडं पद्धत होती, कपाट लावून झालं की मधूनच दहा कागद काढून बघायचे. मी दहा फाइली उघडल्या. त्यात 'टेस्ट' नावाची ताईची पण उघडली. उघडली, अक्षर नीट दिसलं, मराठी फुटलेलं नव्हतं. बंद केली. मग सगळ्याची दोन पेन ड्राइव्हवर प्रत केली. एक आमच्या कपाटात ठेवली, दुसरी बायकोच्या भावाकडं कामठीला, म्हणजे इथं आग लागली तरी तिथं राहील. मी तोंड न पोळताच ताक फुंकून पिणारा माणूस.

महिना उलटला आणि खातं बंद झालं. तोवर ताईला मोबाइलवरूनच दाखवत होतो. बंद झालं त्या संध्याकाळी घरच्या कॉम्प्युटरला पेन ड्राइव्ह लावला आणि 'टेस्ट' शोधलं. एक फाइल आली. मला वाटलं, शोधायला काही चुकलं. पुन्हा शोधलं. मग नावांच्या क्रमानं सगळी यादी लावली आणि एकेक पाहत खाली गेलो. एकच होती. दुसऱ्या दिवशी कामठीला शेअर ऑटोनं गेलो आणि दुसरा ड्राइव्ह आणला. त्यावरही एक. अर्थात त्यावरही एकच असणार होती, हे ऑटोत बसताना मला माहीत होतं.

मॅडमना फोन केला. त्या फार चांगुलपणानं बोलल्या, पण म्हणाल्या, सर, ते गेलं. ताईच्या खात्यातून तिचे पाठवलेले मेल काढावेत म्हटलं तर तिला पासवर्ड आठवत नव्हता. नवा करायचा तर ओटीपी येतो तो तिच्या भिवापूरच्या जुन्या फोनवर, आणि तो फोन आम्ही ती इकडं आल्यावर बंद करून टाकला होता. त्या नंबरला लावून पाहिलं. मौद्याच्या प्लँटवर काम करणाऱ्या एका माणसानं उचलला. नंबर त्याला मिळाला होता. मी त्याला काय सांगणार होतो कोण जाणे. चुकून लागला म्हटलं आणि ठेवला.

लोक विचारतात, तेव्हा काय वाटलं? मला काहीच वाटलं नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. हात बराच वेळ अंगाखाली दाबून झोपलो की सकाळी तो दुसऱ्याचा वाटतो, तसं काहीतरी झालं होतं, आणि ते आठवडेच्या आठवडे गेलं नाही. मी जेवत होतो, दूध आणत होतो, वीज बिल भरत होतो. बायकोला सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं. म्हणाली, "सगळेच?" मी म्हटलं, एक आहे. ती म्हणाली, "मग आता ताईले काय दाखवणार आहे तुम्ही?"

तो एक कोणता होता ते सांगतो. प्रोग्राम जुन्याकडून नव्याकडं आला होता, म्हणून उरला तो शेवटचा. हेडमास्तरांच्या फोनच्या आधी तीन आठवड्यांचा; मधले रविवार कोरेच गेले होते. त्यात चार ओळी होत्या. 'आज शाळेत गेले होते. मुलं नवीन दिसली, एकही ओळखीचं नाही. फळ्यावर कोणीतरी लिहून ठेवलं होतं ते पुसलं. तू कधी येतोस?' निवृत्त होऊन आठ वर्षं झालेल्या बाईनं रविवारी हे लिहिलं होतं. रविवारी शाळा नसते. आणि मला आठवलं की मी सोमवारी त्याला उत्तर दिलं होतं, 'मेल मिळाला. इकडे सर्व ठीक.'

तरीही तिला तो दाखवून पाहिला, दुसरं होतंच काय. तिनं वाचला, चष्मा काढला आणि चपला शोधायला लागली. "शाळेले उशीर झाला," म्हणाली. बायकोनं तिला दाराशी धरलं. त्या संध्याकाळी ती आमच्या दोघांवर रागावून न जेवता झोपली. तो मेल मी परत उघडला नाही.

पण सहा वाजले की तिची मान माझ्याकडं वळायचीच. नेम अंगात मुरला होता. "आज माझं काय आलं गा?" तीन दिवस मी नेट बंद आहे म्हणून सांगितलं. चौथ्या दिवशी मला खोटं बोलायचाही कंटाळा आला. ऑफिसच्या एका कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'ताई, तुझे सगळे मेल माझ्या चुकीनं पुसले गेले', आणि तिच्या हातात दिलं.

तिनं वाचलं. परत वाचलं. मग चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं, आणि ते पाहणं मी चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं. "सगळे म्हणजे किती?"

"सातशेच्या वर."

"काम झाल्यावर मोजले का तू?"

"दहा फाइली उघडून पाहिल्या होत्या."

"मी विचारून राहिली, मोजले का? उघडून पाहणं अलग आन् मोजणं अलग. सहलीहून पोरं परत आणली तर मी एका पोराचं तोंड पाहून घरी जात होती का? मोजत होती. दोनदा मोजत होती. तू रेकॉर्ड सांभाळत होता म्हणते, काय सांभाळत होता गा तू?"

चौतीस वर्षांत कॉलेजचा कोणताही साहेब मला इतकं नेमकं बोलला नव्हता. माझी चूक जिथं होती तिथंच तिनं बोट ठेवलं. पंधरा-वीस मिनिटं ती बोलली. एकही शब्द अडला नाही, एकही नाव चुकलं नाही. सहली कुठं नेल्या, कोण बसमधून उतरायला विसरला, कोणत्या हेडमास्तरांनी आभार मानले नाहीत, सगळं आलं. मग थकली आणि चहा मागितला. चहा येईस्तोवर सगळं विसरली होती.

दुसऱ्या दिवशी सहाला तिनं विचारलं, "आज माझं काय आलं?" मी तोच कागद दिला.

लोकांना हे विचित्र वाटेल, पण पाच महिने आमच्याकडं हे चाललं आहे. मी रोज कबूल करतो आणि ती रोज मला झापते. त्या वेळेपुरती माझी बहीण घरात असते. सुरुवातीला रोज नवा कागद लिहायचो, मग एकच टेबलाच्या खणात ठेवला. त्याच्या घड्या आता फाटायला आल्या आहेत. कधी ती मला गाढव म्हणते. कधी समजूत घालते, की होते चूक, माणूस आहे. एकदा तिनं मला शंभर वेळा लिहून आणायला सांगितलं, काय ते सांगितलं नाही. बायको म्हणते, "तुमाले रोज रोज बोलून घेताना काही वाटत नाही का?" नाही वाटत. तिला बोलताना बघावं म्हणून मी कागद पुढं करतो, आणि आतून काही हलत नाही.

गेल्या आठवड्यात थंडी पडली म्हणून आम्ही दुपारीच अंगणात उन्हाला बसलो होतो. ताई मटार सोलत होती. तिनं आपणहून विचारलं, आज माझं काय आलं. मी खणातून कागद आणला. तिनं वाचला, पण त्या दिवशी रागावली नाही. शेंगा बाजूला ठेवल्या, माझ्या ओठांकडं पाहिलं आणि म्हणाली, "काय होतं त्यात? मले आठवत नाही. तुले आठवत असंल. सांग."

हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

मी सांगायला लागलो. एक, शाळेची एक खोली गळत होती आणि ती दोन वर्ग एकत्र बसवत होती. दोन, मिरचीच्या दिवसात बाया देठ खुडायला जायच्या आणि पोरींनाही सोबत न्यायच्या, वर्ग ओस पडायचा. तीन, एक कुत्रं तिच्या वर्गात येऊन झोपायचं. चार, शेजारणीचा मोतीबिंदू. पाच, तिचा चष्मा फुटला होता आणि आठ दिवस ती अंदाजानं वाचत होती. सहा, त्या पोरीची खट आजी, पण ते मेलमधलं नव्हतं, ते तिनंच इथं बसून सांगितलेलं. तरी धरलं. सात, कंडक्टरच्या हाती पाठवलेली तिखटाची पुडी, मिळाली का म्हणून तिनं तीन रविवार विचारलं होतं.

आठवा आठवेना. ती वाट बघत होती. मी अंगणाकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं. सातशे पत्रं माझ्या नावावर आली होती, सगळी मी उघडली होती, सगळ्यांना पोच दिली होती, आणि प्रोग्रामनं पुसायच्या कितीतरी आधी ती माझ्याजवळ नव्हतीच. तिला विसरायला निदान आजार होता. मला लाज वाटली. इतक्या महिन्यांत काहीतरी वाटलं ते पहिल्यांदाच, आणि ती लाज होती.

"बस?" तिनं विचारलं.

"बस. एवढंच."

तिनं शेंगांची परात मांडीवर घेतली आणि मला बरं वाटावं म्हणून, लहानपणी बोलायची तशा आवाजात म्हणाली, "मग काही जास्त नाही गेलं गा."